कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्र एकत्र घेण्याविषयी

कॅल्क्युलस, म्हणजे बदलाच्या दराचा अभ्यास करणारी गणिताची शाखा, पूर्ण झाल्यावरच भौतिकशास्त्र घ्यावे, हा एका लेखात वाचलेला सल्ला मला पटत नाही. नाशिकमध्ये अकरावीच्या मुलांना शिकवताना मी पाहतो की, राज्य मंडळाच्या भौतिकशास्त्रात दुसऱ्याच प्रकरणात डिफरन्सिएशनची, म्हणजे बदलाचा दर काढण्याच्या रीतीची, ओळख होते, तर गणितात ते दुसऱ्या भागाच्या शेवटी येते. त्यामुळे गणिताच्या शिक्षकांनी तो भाग आधी घेतला, तर दोन्ही विषय एकमेकांना हात देतात. t सेकंदांनंतर विस्थापन ५t² मीटर असेल, तर वेग १०t, म्हणजे दोन सेकंद झाल्यावर २० मीटर प्रतिसेकंद, हे आलेखावर स्पर्शिका काढून दाखवले की मुलांना डेरिव्हेटिव्ह (त्या क्षणीचा बदलाचा दर) म्हणजे काय ते खऱ्या अर्थाने उमगते. मात्र बीजगणित आणि त्रिकोणमिती कच्ची असेल, किंवा शहराच्या सिडको भागातून कॉलेज रोडच्या क्लासला जाण्या-येण्यातच संध्याकाळ सरत असेल, तर पालकांनी घाई करू नये, कारण स्वतः गणिते सोडवायला रोज निवांत वेळ लागतोच.