‘सोसायटीच्या पूलला नियम नाहीत’ म्हणणाऱ्यांसाठी

उन्हाळा लागला की आमच्या पुण्यातल्या खराडीच्या सोसायटीत एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो चार ग्रुपवरून माझ्यापर्यंत आला. मजकूर थोडक्यात असा: आरोग्याचे नियम महापालिकेच्या जलतरण तलावांना, सोसायटीचा स्विमिंग पूल खासगी, तिकीट नाही, बाहेरचा माणूस नाही, म्हणून नियमही नाहीत. अमेरिकेतसुद्धा असंच आहे. क्लोरीनचा वास येतोय ना, मग पाणी चांगलं. आणि ‘पोहणे स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी पाटी लावली की कमिटी सुटली. वर, नियम पाळायचे तर मेंटेनन्स वाढेल.

पूलचं काम तीन वर्षं माझ्याकडे होतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पूल खासगी आहे. मालकी खासगीच आहे, मान्य. पण जंतूंना सातबारा वाचता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत तलावांचे तीन गट आहेत: घरगुती, निमसार्वजनिक आणि सार्वजनिक. हॉटेल, शाळा आणि निवासी संकुलं मधल्या गटात येतात. बंगल्यातल्या पूलमध्ये चार माणसं उतरतात. एकाला जुलाब झाले तर सगळ्या घराला कळतं. आमच्या बेबी पूलमध्ये मे महिन्यातल्या रविवारी पंधरा-वीस पोरं असतात. सी विंगमधल्या कुणाचं पोट कालपासून बिघडलंय, हे ए विंगला कसं कळणार? आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाब करणारा परजीवी नीट क्लोरीन टाकलेल्या पाण्यातही आठवडाभराहून जास्त तग धरतो.

अमेरिकेत असंच आहे. नाही. २००२ मध्ये सात वर्षांची एक मुलगी हॉट टबच्या तळाशी पाणी ओढून घेणाऱ्या जाळीला खेचली जाऊन बुडाली. तिच्याच नावाने २००७ मध्ये तिथे केंद्रीय कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांना सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या. त्यातल्या ‘सार्वजनिक’च्या व्याख्येत निवासी संकुलातले, फक्त रहिवाशांसाठीचे पूलही आहेत. बाकीचे नियम राज्यागणिक बदलतात. मेसेज पुढे ढकलण्याआधी आपल्या पूलच्या तळाची जाळी बघून या. आमच्या जाळीचे दोन स्क्रू गायब होते.

आता वास. इथे मात्र मेसेजने गाडी पार उलटीच नेली आहे. नाकात झोंबतो तो वास क्लोरामाइनचा. घाम, लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की ते तयार होतं. म्हणजे उग्र वास आला की समजावं, क्लोरीन आधीच खर्ची पडलंय. बऱ्याच सोसायट्यांत असतं ते पिवळा रंग दाखवणारं ओटीओ किट एकूण क्लोरीन मोजतं, क्लोरामाइनसकट. मोकळं, म्हणजे घाणीशी संयोग न झालेलं क्लोरीन किती उरलंय ते गुलाबी रंगाच्या डीपीडी किटने कळतं. त्यात पीएचची, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी याच्या आकड्याची, भानगड वेगळीच: ७.५ ला मोकळ्या क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जंतू मारायच्या रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. पाणी तेच, पावडर तेवढीच, आणि असर निम्म्यावर. आमच्या लॉगबुकात मात्र चाळीस दिवस सलग पीएच ७.४, क्लोरीन २.०, एकाच पेनाने लिहिलेलं. पूल रिकामा करून घासला त्या दिवशीसुद्धा ७.४!

पाटी. पाट्या लिहिण्यात पुणेकरांचा हात कोण धरणार? पण निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत होती. पाटी लावली म्हणून ते कलम गळून पडत नाही. उलट धोका माहीत होता, याचा पुरावा आपणच भिंतीवर रंगवलेला असतो.

राहिला खर्च. मेसेजात तेवढं एकच खरं आहे: नियम पाळायचे तर मेंटेनन्स वाढेल. यंदाच्या एजीएममध्ये मी दोन्ही शिफ्टला लाइफगार्ड आणि डीपीडी किट, एवढे दोनच विषय दिलेत. अजेंड्यावर लॉबीतल्या झुंबराचा विषय त्यांच्या वर आहे.