एकदम नव्याने लिहू नका
अख्खं अ‍ॅप थांबवून व्ह्यू ३ मध्ये (व्ह्यू म्हणजे Vue, वेब स्क्रीन बनवायचं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क) नव्याने लिहा, हा व्ह्यू २ वरून ३ वर जाण्याबद्दलच्या लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. व्ह्यू २ चा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२३ ला संपला, तेव्हा आमचं हिशेबाचं अ‍ॅप त्यावरच होतं. आम्ही व्ह्यू ३ चा कंपॅट बिल्ड, म्हणजे जुन्या कोडशी जुळवून घेणारी आवृत्ती, घातला. तो जुनं बरंचसं चालू ठेवतो आणि बदल हवा तिथे कन्सोलमध्ये वॉर्निंग देतो. मग एकेक स्क्रीन हातात घेतली. फिल्टर्स (स्क्रीनवर मजकूर हव्या त्या रूपात दाखवायची सोय) व्ह्यू ३ मध्ये नाहीत, म्हणून त्यांची साधी फंक्शन्स केली, ते पटकन झालं. वेळ खाल्ला तो इव्हेंट बसने (अ‍ॅपच्या भागांनी एकमेकांना निरोप द्यायची जुनी पद्धत, तीही बदलावी लागली); कोण कुठे ऐकतंय हे शोधण्यातच दिवस गेले! पण ग्राहकांचं काम एक दिवसही अडलं नाही. फक्त तुमची यूआय लायब्ररी (बटणं, फॉर्म वगैरेंचा तयार संच) व्ह्यू ३ वर चालते का, ते सर्वांत आधी बघा.