ट्रॉलीचा ब्रेक चाकात असतो, डॅशबोर्डवर नाही

सध्या गावोगावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. पिकअपच्या डॅशबोर्डखाली मुठीएवढा डबा, त्यातून निघालेल्या चार वायरी आणि मागे भरलेली ट्रॉली. सांगणाऱ्याचं म्हणणं असं : अमेरिकेतले पिकअपवाले हाच ब्रेक कंट्रोलर लावतात. ऑनलाइन मागवा, ब्रेक लाइटच्या वायरीला जोडा, नॉब पूर्ण फिरवा, बिनब्रेकच्या ट्रॉलीला ब्रेक आलाच समजा. मग दीडपट माल भरायला हरकत नाही.

कापूस जिनिंगला न्यायच्या दिवसांत हे ऐकून कोणी कास्तकार खरंच तसं करेल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

डबा लावला की ब्रेक आला, हे यातलं सगळ्यात घातक वाक्य. कंट्रोलर फक्त करंट पाठवतो. तो करंट ज्याच्यासाठी असतो ती वस्तू ट्रॉलीच्या चाकात असावी लागते, आणि ती आहे इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक. त्यात ब्रेक शूच्या खालच्या बाजूला एका दांडीवर इलेक्ट्रोमॅग्नेट असतं. करंट आला की ते फिरत्या ड्रमच्या आतल्या सपाट पृष्ठभागाला चिकटतं, ड्रमसोबत थोडं ओढलं जातं, दांडी फिरते आणि शू फाकून ड्रमला घासतात. आता आपल्याकडची ट्रॉली बघा. बहुतेक साध्या ट्रॉल्यांना चौकोनी धुरा, त्यावर हब आणि बेअरिंग, बस्स. ड्रम नाही, शू नाही, शूची प्लेट बसवायला धुऱ्यावर फ्लँजही नाही. अशा ट्रॉलीला हा डबा जोडला तर त्यातून मागे आलेला करंट जाणार कुठं? चाकाला काहीच कळणार नाही. वर ड्रायव्हरला वाटत राहणार की मागे ब्रेक आहे, आणि त्या भरवशावर तो उतारावर वेग कमी करणार नाही. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना असा भरवसा जीवावर बेतेल.

दुसरं, ब्रेक लाइटच्या वायरीतून करंट घेणं. ती वायर कंट्रोलरला फक्त खबर देते की पेडल दाबलं. बहुतेक कंट्रोलरमध्ये ती लाल असते. काळी वायर थेट बॅटरीच्या प्लसवरून, मध्ये सर्किट ब्रेकर टाकून आणायची. पांढरी मायनसची, ती बॅटरीपर्यंत न्यावी, गंजलेल्या बोल्टवर अर्थिंग देऊन भागत नाही. निळी मागे ट्रॉलीच्या ब्रेककडे जाते. कारण साधं आहे. ब्रेक लाइटचे 21 वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण साडेतीन अँपिअर घेतात, त्यांचा फ्यूज आणि वायर त्या हिशेबाची. ब्रेकचं एक मॅग्नेट साधारण 3 अँपिअर ओढतं. चार चाकांना चार म्हणजे 12. हा भार त्या बारीक वायरीवर टाकला तर फ्यूज उडेल, आणि फ्यूजच्या जागी कोणी तार गुंडाळली असेल तर वायर जळेल.

नॉब पूर्ण फिरवा, हा सल्लाही चुकीचा. त्या नॉबला गेन म्हणतात, ट्रॉलीच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते तो ठरवतो. गेन जास्त ठेवला तर ट्रॉलीची चाकं जाम होतात, आणि जाम झालेलं चाक नुसतं घसरतं, ट्रॉलीला सरळ रेषेत धरू शकत नाही. ओल्या डांबरावर ट्रॉलीचं मागचं अंग बाजूला फिरतं. गेन लावायची रीत वेगळी आहे : कोरड्या, सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरच्या आसपास, ट्रॉली भरलेली असताना, कंट्रोलरचा हातदांडा दाबून बघायचं. चाकं जाम होईपर्यंत गेन वाढवायचा आणि मग किंचित कमी करायचा. रिकाम्या ट्रॉलीला तोच गेन चालत नाही. हातदांड्याचा एक मोठा उपयोग आहे : ट्रॉली डोलायला लागली तर पिकअपचा ब्रेक न दाबता नुसता ट्रॉलीचा ब्रेक लावता येतो, आणि मागून ताण बसून ती सरळ होते. हे यंत्र खरोखर चांगलं आहे, म्हणूनच त्याच्या नावावर खोटं पसरलेलं खपत नाही.

दीडपट माल? कंट्रोलरने पिकअपची चासी, हूक, टायर यातलं काहीच बदलत नाही. हिशेब करून बघा. भरलेला पिकअप 3 टन, मागे बिनब्रेकची 2 टनांची ट्रॉली. थांबवणारे ब्रेक 3 टनांचेच, थांबवायचं वजन 5 टन. ताशी 40 च्या वेगाने एकटा पिकअप जिथे साधारण 10 मीटरमध्ये थांबेल, तिथे जोडी 17 मीटर घेईल, आणि पाय पेडलवर जाईपर्यंतचे 11 मीटर वेगळे. आठवडी बाजाराच्या दिवशी रस्त्यावर तेवढी मोकळी जागा नसते. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 नुसार ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे, तिची नोंदणी आणि तिची वजनमर्यादा वेगळी.

आणि व्हिडिओत एक गोष्ट आलीच नाही : हुकाची पिन तुटली तर? कंट्रोलर पिकअपमध्ये, वायर तुटलेली, ट्रॉली मोकळी. त्यासाठी ट्रॉलीवर स्वतःची छोटी बॅटरी आणि ब्रेकअवे स्विच लागतो. दोरी खेचली गेली की स्विच सुटतो आणि ट्रॉली स्वतःच ब्रेक मारते. सोबत दोन साखळ्या, हुकाखाली एकमेकींवरून फुलीसारख्या टाकलेल्या.

ट्रॅक्टरवाल्यांनाही हाच व्हिडिओ पाठवला जातोय. त्यांचं काम त्याआधी फुकटात होण्यासारखं आहे. डावं-उजवं ब्रेक पेडल शेतात वळायला वेगळं ठेवतात. डांबरीवर चढताना दोन्ही जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे, नाहीतर घाईत एकच पेडल दाबलं जातं आणि मागच्या कापसाच्या वजनाने ट्रॅक्टर गरकन फिरतो. नवी ट्रॉली घेणार असाल तर ब्रेकसकट घ्या. जुन्या ट्रॉलीला ब्रेक करून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला पैसे द्यायच्या आधी चाक उघडायला लावा, आणि ड्रम, शू कुठे बसणार ते धुऱ्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा.