‘कंसात उलटं, बाहेर सुलटं’ एवढ्यावर भागत नाही

गणित शिकवणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो: ‘आलेखांच्या रूपांतरणासाठी (आलेख सरकवणं, ताणणं, उलटा पाडणं) उपक्रम-बिपक्रम नकोत. कंसाच्या आत उलटं, बाहेर सुलटं, एवढं पाठ करून घ्या. उपक्रमांत तास फुकट जातो. दाखवायचंच असेल तर संगणकावर स्लायडर (आकडा बदलणारी सरकपट्टी) सरकवा.’ नियमाचा अर्थ असा: फ हे फलन (क्ष घातला की एक किंमत देणारं सूत्र) असेल, तर फ(क्ष − ३) चा आलेख वजा असूनही उजवीकडे सरकतो आणि फ(२क्ष) चा दुप्पट असूनही आडवा निम्मा होतो; पण फ(क्ष) + ५ चा सरळ वर सरकतो. तिन्ही विधानं तपासू.

‘नियम पुरतो.’ नाही पुरत. समजा, फ च्या आलेखाचं टोक (०, ४) वर आहे. फ(२क्ष − ६) काढायला सांगा. नियमवाला विद्यार्थी आलेख आडवा निम्मा करतो, मग ६ घरं उजवीकडे नेतो आणि टोक ६ वर ठेवतो. खरं टोक ३ वर असतं, कारण २क्ष − ६ शून्य होतं ते तिथे. आधी सरकवून मग आक्रसलं असतं तर बरोबर आलं असतं. पण क्रमाबद्दल नियम अवाक्षर काढत नाही. त्याऐवजी क्ष, २क्ष − ६ आणि फ(२क्ष − ६) असे तीन रकाने आखून पाच-सहा किमती भरायला लावल्या, की टोक कुठे जातं ते मुलं स्वतःच सांगतात.

शिवाय हे ‘उलटं’ आलं कुठून? य = फ(क्ष − ३) + ५ हेच य − ५ = फ(क्ष − ३) असं लिहून बघा. दोन्हीकडे वजाबाकी, दोन्ही सरकणं धन दिशेला. उलटं-सुलटं काही उरतच नाही. आपण ५ पलीकडे नेले म्हणून ते तसं दिसत होतं. पुढे वर्तुळाचं समीकरण (क्ष − ३)² + (य − ५)² = ४ समोर आलं, की ‘बाहेर सुलटं’ म्हणायला बाहेर काही नसतंच.

‘तास फुकट जातो.’ काही उपक्रमांत जातो, हे मान्य. हात वर-खाली करून आलेखांचे आकार दाखवण्याची कवायत मला तरी निरर्थक वाटते. पण पारदर्शक कागदावर आलेख गिरवून तो अक्षांवर सरकवणं, उलटा पाडणं याला वेळ कितीसा लागतो? कागद ताणता येत नाही, ही त्याची मर्यादा. तिथे वरचा तक्ता लागतो.

‘स्लायडर दाखवा.’ जरूर, पण य = क्ष² वर नको. तिथे फ(−क्ष) केलं तरी आलेख जागचा हलत नाही. आणि ४क्ष² म्हणजेच (२क्ष)², त्यामुळे आलेख उभा चौपट ताणला की आडवा निम्मा झाला, हे बघून कुणालाच सांगता येणार नाही. कोणतीही सममिती नसलेला, चार बिंदू जोडलेला वाकडातिकडा आलेख घ्या. स्लायडरला हात लावण्याआधी प्रत्येकाला त्यातला एक बिंदू कुठे जाईल ते वहीत लिहू द्या, मग सरकवा.