‘रबरी कीबोर्ड म्हणजे निव्वळ फसवणूक’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान वाढवल्यावर वाचला. तुम्हाला त्रास झाला, दोनदा फेरी पडली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. काउंटरवरचा आमचा मुलगा ‘सांगितलं होतं ना तुम्हाला’ असं ज्या सुरात म्हणाला, तेही चुकलंच. त्याला बोललो आहे.

पण तुम्ही ‘फसवणूक’ हा शब्द लिहिलात, तो काही केल्या घशाखाली उतरत नाही. तापकीर गल्लीत आमचं आठ बाय दहाचं दुकान आहे आणि हल्ली नवं गिऱ्हाईक मोबाइलवर रिव्ह्यू बघूनच पायरी चढतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

तुमचं म्हणणं असं की ४५० रुपयांना सिलिकॉनचा गुंडाळता येणारा कीबोर्ड घेतला, तो पहिल्या दिवसापासून अक्षरं गाळतो, तीन आठवड्यांत काही बटणं मेली, आम्ही बदलून दिला नाही, आणि तोच ऑनलाइन ३५०ला मिळतो. किमतीचं सोडून देतो. ऑनलाइनवाला तुमच्यासमोर लॅपटॉपला लावून एकेक बटण दाबून दाखवत नाही, एवढंच म्हणतो.

अक्षरं गाळण्याबद्दल. या कीबोर्डच्या बटणाखाली रबराचा छोटा फुगवटा असतो आणि त्याच्या पोटात काळी टिकली. ती टिकली खालच्या वीज वाहणाऱ्या रेघेला नीट टेकली तरच अक्षर उमटतं. बोट बटणाच्या कडेला पडलं की नाही टेकत. आणि खाली टेबलासारखं टणक काही हवं. गादीवर किंवा मांडीवर ठेवला तर दाब खालीच मुरतो. त्या दिवशी तुम्ही पावणेनऊला आलात, आम्ही शटर अर्धं ओढलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘लॅपटॉपची दोन बटणं अडकतात, दुरुस्तीला टाकेपर्यंत पर्समध्ये मावेल असं काहीतरी द्या.’ त्या कामाला मी हा दिला. रिव्ह्यूत मात्र लिहिलंय की मुलीच्या टायपिंगच्या परीक्षेच्या सरावासाठी घेतला होता. ताई, हे त्या वेळी कळलं असतं तर मी हा कीबोर्ड हातात घेऊच दिला नसता. मिनिटाला ३० शब्दांचा वेग गाठायचा तर बोटाला बटणाचा ठोका लागावा लागतो. साधा वायरवाला कीबोर्ड याच्या आसपासच्याच किमतीत समोर टांगलेला होता.

आता बटणं मेली त्याबद्दल. हे मला खरोखर लागलं, कारण कीबोर्ड मी स्वतः तपासला. तुम्ही पर्समधून काढलात तेव्हा त्याची पंचासारखी तीन पदरी घडी होती, वर रबर बँड. उलगडला तर डावीकडे उभी पांढरी वळी पडलेली. आत प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर शाईने छापलेल्या रेघा असतात, वीज त्यांतून जाते. वळीवर शाई तडकली की त्या रेघेवरची सगळी बटणं एकदम जातात. तुमची गेली ती ३, ई, डी आणि सी, वरून खाली एका माळेत. मी इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीवाला माणूस, सवयीने ‘मराठी’ टाइप केलं तर पडद्यावर ‘रठी’ आलं. सी वरचा म गेला, ई वरचा काना गेला, आणि डी वरचं पाय मोडायचं बटणही त्याच माळेत. तेव्हा तुम्हीही हसलात, म्हणून मला वाटलं विषय मिटला.

सुरळीच्या वडीसारखा सैल गुंडाळला की हा टिकतो, घडी घातली की मरतो. हे मी विकतानाच सांगितलं होतं, मुलगा साक्षीला आहे. पण पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘फोल्डेबल’ छापलंय, हे तुमचं म्हणणं मला नाकारता येत नाही. पाकीट मी छापत नाही, पण विकतो मीच.

आणि माल टाकाऊ असता तर ठेवलाच नसता. आमच्या गल्ल्यावर दोन वर्षं हाच आहे. बिलाला चार आकडे मारायचे, चहा सांडला की वायरीचं टोक कोरडं ठेवून साबणाच्या पाण्याने पुसायचा. एक गिरणीवाले नेतात, साध्या कीबोर्डात त्यांच्याकडे पीठ शिरून बटणं रुततात. एक गिऱ्हाईक रात्री बाळ झोपल्यावर काम करतं, त्यांना याचा आवाज नाही हेच हवं असतं. धूळ आणि केस मात्र याला फार चिकटतात, तेही सांगून टाकतो. दिवसभर पानंच्या पानं टाइप करणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये.

यापुढे पाकिटावर मराठीत काहीतरी सूचना चिकटवायचा विचार आहे, बघतो कसं जमतं ते. कामही आधी विचारून घेऊ.

घडीने मोडलेला माल बदलून देणं मला परवडत नाही, कंपनी परत घेत नाही. पण तुम्ही तो आणून दिलात तर वायरवाल्या कीबोर्डमागे १०० रुपये कमी करीन, मुलीचा सराव अडायला नको. बिल नसलं तरी चालेल, वहीत तारीख आहे. फक्त पावणेनऊच्या आधी या, म्हणजे नीट बसून बोलता येईल. रिव्ह्यूचं काय करायचं ते तुमच्यावर सोडतो.