‘काढता येते म्हणून धोका नाही’ : आयसीएलबाबत खुलासा

‘चष्म्याचा नंबर घालवणारी आयसीएल लेन्स कधीही काढता येते, त्यामुळे डोळा पूर्ववत होतो, धोका शून्य,’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. त्याचा पहिला भाग खरा आहे. दुसरा नाही.

आयसीएल म्हणजे डोळ्याच्या आत बसवायची कृत्रिम लेन्स. ती बुबुळाच्या मागे, पण आपल्या नैसर्गिक भिंगाच्या पुढे बसवतात. ही लेन्स आणि भिंग यांच्यामधलं अंतर मायक्रॉनमध्ये मोजतात आणि सगळा खेळ तिथेच आहे. लेन्स आकाराने लहान पडली तर ती भिंगाला टेकते आणि ऐन तिशीत मोतीबिंदू होऊ शकतो. मोठी पडली तर बुबुळ पुढे ढकललं जाऊन डोळ्याच्या आतल्या पाण्याचा निचरा अडतो, डोळ्यातला दाब वाढतो. नव्या लेन्सच्या मध्यभागी ०.३६ मिलिमीटरचं छिद्र असतं; त्याने या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या, संपल्या नाहीत. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर दृष्टी जाऊ शकते.

लेन्स काढता येते, झालेला मोतीबिंदू मात्र मागे फिरत नाही. कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या) आतल्या थरातल्या गेलेल्या पेशीही पुन्हा तयार होत नाहीत. शिवाय नंबर गेला तरी मोठ्या मायनस नंबरचा डोळा लांबटच राहतो, म्हणून डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) सुटण्याची भीती कायम असते.

शस्त्रक्रिया वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पातळ कॉर्नियाच्या अनेकांना ती वरदान ठरली आहे. पण आधी डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली आणि कॉर्नियाच्या त्या पेशींची संख्या मोजून घ्या, आणि नंतर दरवर्षी तपासणीला जा, अगदी स्वच्छ दिसत असलं तरी.