म्हातारा लाल का आहे?

डिजिटल स्कल्प्टिंग म्हणजे नक्की काय हे घरी समजावून सांगायचा नाद मी कधीच सोडलाय, कारण कम्प्युटरवर मातीकाम करतो म्हटलं की बाबा म्हणतात मग हात कसे स्वच्छ तुझे. पण फीडबॅक द्यायला काही समजावं लागतं असं थोडंच आहे!

काम होतं एका मोबाइल गेमसाठी म्हातारा धनगर. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, कानात बाळी आणि तोंडावर जन्मभराचं ऊन. मी जाम खूश, कारण म्हातारे चेहरे करायला मजा येते, तरुण चेहरा म्हणजे सोललेला उकडलेला बटाटा, सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. म्हाताऱ्याला नाकाच्या कडेपासून तोंडाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी असते, डोळ्याखाली पिशव्या असतात, मानेच्या दोन दोऱ्या ताणलेल्या असतात, हात आपोआप चालतो.

आता झेडब्रश, म्हणजे आमचं हे मातीकामाचं सॉफ्टवेअर, त्यात काम करणाऱ्यांना माहितीय, त्यातलं जुनं डिफॉल्ट मटेरियल लाल मेणासारखं दिसतं. आम्हाला सवय झालेली असते, दिसतही नाही तो लाल. बाकी जगाला मात्र फक्त तोच दिसतो. बायको म्हणाली भाजलाय का रे हा? बाबा म्हणाले बीपी चेक करा त्याचं. क्लायंटच्या मीटिंगमधे चार माणसं, त्यातल्या तिघांनी विचारलं की फायनलमधे पण लालच राहणार का आणि चौथ्याचा माइक म्यूट होता. मग मी वैतागून सरळ राखाडी करून टाकला.

क्लायंट म्हणजे तर वेगळंच प्रकरण. पहिला फीडबॅक, चेहरा फार सिमेट्रिकल वाटतोय, नॅचरल करा. बरोबर आहे, सिमेट्री चालू ठेवून केला की एका बाजूला ब्रश मारला की दुसरी बाजू आपोआप होते, पण तसा माणूस जगात नसतो. म्हणून एक भुवई चढवली, जबडा जरा कलता केला, नाक किंचित वाकवलं. पुढचा फीडबॅक आला, एक डोळा वर गेलाय का? मग आलं, वय थोडं कमी करा पण सुरकुत्या राहू द्या. आणि सगळ्यात भारी, "छान आहे, पण काहीतरी मिसिंग आहे." काय मिसिंग आहे, तेही मिसिंग. मला शिवी चालते, पण कुठे ते सांगून द्या हो! खालचा ओठ जाड झालाय म्हणा, मी दोन मिनिटात करतो. "सोल नाहीये" यासाठी कुठला ब्रश घ्यायचा?

वेळही अशी निवडतात की बस. कच्च्या गोळ्यावर मत विचारावं तर "गुड प्रोग्रेस" एवढंच. मग मी सबडिव्हाइड करत जातो, म्हणजे चेहरा ज्या बारीक चौकोनी तुकड्यांचा (पॉलिगॉनचा) बनलेला असतो ते दर लेव्हलला चौपट, २० हजारांचा चेहरा पाच वेळा केला की २ कोटींच्या वर जातो, फॅन विमानासारखा ओरडायला लागतो, आणि गालावरचं एकेक छिद्र काढून झालं, की तेव्हा मेल येतो, "जबडा थोडा रुंद हवा होता." खालच्या लेव्हलला जाऊन जबडा ओढता येतो, नाही असं नाही, पण वरची छिद्रंही ताणली जातात आणि म्हातारा रबराचा दिसायला लागतो.

खरा कामाचा फीडबॅक दिला आमच्या सलूनवाल्या दादाने. मान खाली घालून बसलो होतो, हातातल्या मोबाइलवर म्हातारा, दादा वरूनच म्हणाला, "कान लहान झालेत याचे. वय झालं की कान लांबतात, रोज बघतो मी. आणि कानातले केस कुठायत?" बास! भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत कान हे आम्ही पाठ केलेलं माप, पण ते तरण्या माणसाचं. याला क्लायंटच्या मीटिंगला बसवायला पाहिजे.

आईचं तोपर्यंत वेगळंच चाललेलं. तिला तो हुबेहूब बापूमामा वाटायला लागला. तिने स्क्रीनचा फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकून दिला, खाली एक ओळ नाही काही नाही. काळं बॅकग्राउंड, मधे राखाडी रंगाचा पटकेवाला म्हातारा. पाच मिनिटात पहिला मेसेज, भावपूर्ण श्रद्धांजली. मग रांगच लागली, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो, फार सज्जन माणूस होता, एका काकांनी तर अंत्यविधी किती वाजता हेही विचारलं. बापूमामा त्याच ग्रुपमधे आहेत.

रात्री त्यांचाच फोन आला. मी माफी मागायला तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, "ते असूदे रे. नाक बसकं केलंयस माझं, ते नीट कर आधी. आणि मिशी काळी कर, वय जरा कमी दिसलं पाहिजे."

"आणि सुरकुत्या?"

"त्या राहूदे, मान राहतो."